त्या रविवारी न उडालेलं विमान

दादा,

तेरावं झालं. पाहुणे गेले, मंडपवाल्याच्या सतरंज्या परत गेल्या, शेजाऱ्यांची पातेली घासून ज्याची त्याला पोचवली. आता विमानाचं बोलते.

विलासरावांना ते बैठकीत टांगायचं होतं. छताला, तुमच्या फोटोच्या बरोबर वर. फोटोच्या हाराबरोबर त्यालाही एक छोटा हार. मी म्हटलं, "विमानाला कोणी हार घालतं का?" ते म्हणाले, "दादाचं आहे ते." मी म्हटलं, "अर्धं माझं आहे. पंखांवरची सगळी इस्त्री माझी आहे." ते गप्प बसले. गप्प बसणं तुमच्या घराण्यात आहेच.

विमान मी टांगू देणार नव्हते. का, ते मला त्यांना नीट सांगता येत नव्हतं.

त्या रविवारी मी विमान उडू दिलं नाही. शुक्रवारी सकाळी तुम्ही गेलात. चार वर्षं एकेक काडी चिकटवून केलेलं विमान तुम्ही फक्त जमिनीवर पाहिलंत. माझं बरोबर होतं की चूक, हे त्या शुक्रवारपासून माझ्या मागं लागलंय. घरात कोणी मला काही म्हटलं नाही. विलासराव म्हणणार नाहीत, आणि बाकी कोणाला माहीतच नाही.

हे लिहायला चमत्कारिक वाटतंय, कारण 'तुम्ही' असं तुम्हाला मी आयुष्यात फार थोड्या वेळा म्हटलं, तेही एकाच जागी. वाचणाऱ्यांसाठी सांगते. दादा म्हणजे माझ्या नवऱ्याचे, विलासरावांचे, थोरले भाऊ, माझे भासरे. आमच्याकडं भासऱ्याशी भावजय समोरासमोर बोलत नाही. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. बोलायचं ते मध्ये कोणाला तरी ठेवून. विलासराव नसले तर पाळण्यातल्या लेकराला सांगायचं, "म्हणावं, चहा झालाय." सुट्टीला घरी आलात की पुढच्या खोलीतून तुम्ही त्याच लेकराला सांगायचात, "म्हणावं, साखर कमी टाक." सासूबाई गेल्या, लेकरू मोठं होऊन पुण्याला नोकरीला लागलं, पद्धत राहिली. तीच मुलगी फोनवर हसायची. "मम्मी, एका घरात राहता आणि बोलत नाही? भांडण आहे का?" भांडण नव्हतं. खरं म्हणजे दोघांनाही ते सोयीचं होतं. मला बडबडीचा कंटाळा, आणि बायकांशी काय बोलावं ते तुम्हाला कळत नव्हतं.

विमान चालवायला शिकवणाऱ्या एका क्लबात तुम्ही मेकॅनिक. लग्न केलं नाहीत. रिटायर होऊन वसमतला घरी आलात तेव्हा दोन ट्रंका आणल्या, एकीत कपडे आणि दुसरीत हत्यारं. दुसरी जड होती. क्लबातल्या दोन माणसं बसायच्या शिकाऊ विमानाचं हुबेहूब छोटं रूप करायचं आणि ते रिमोटवर उडवायचं, हे तिथूनच डोक्यात घेऊन आला होता. हात बसावा म्हणून आधी फोमच्या शीटचं एक साधं विमान केलंत. ते उडवायला आपण तिघं कुरुंद्याच्या रस्त्याला माळावर गेलो. मी का आले होते? विलासरावांना एकट्याला व्हॅनमध्ये पंख धरता येत नव्हता म्हणून.

त्या दिवशी मी लिंबाखाली पदर घेऊन बसले होते. तुम्ही दूर उभे राहून रिमोटच्या दांड्या हलवून बघत होता. दांडी उजवीकडं नेली की उजव्या पंखाच्या कडेची पट्टी वर व्हायला पाहिजे. हे तुम्हीच आदल्या दिवशी विलासरावांना समजावलं होतं, मी आतून भाकरी करता करता ऐकलं होतं. ती पट्टी खाली होत होती. तारा उलट्या जोडल्या होत्या. मला चाळीस पावलांवरून दिसत होतं. मी विलासरावांना म्हटलं, "म्हणावं, उजवीकडची पट्टी उलटी हलतीय का बघा." विलासरावांचं लक्ष मोबाइलमध्ये. "हूं," म्हणाले.

विमान उठलं, डावीकडं कललं. तुम्ही उजवीकडं दांडी दिली. ते आणखी डावीकडं कललं आणि पालथं होऊन जमिनीत घुसलं. नाकाचे तुकडे आपण पिशवीत भरले.

विलासराव भोळेपणानं बोलून गेले, "उषाला दिसलं होतं, दादा. ती म्हणत होती मघाशी."

तुम्ही वळलात. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. पहिल्यांदाच माझ्याकडं बघून बोललात.

"दिसलं होतं तर बोलला काहून न्हाई, उषाबाई?"

मी उभी राहिले. उत्तर द्यायला मध्ये कोणी नव्हतं. विलासराव पिशवी धरून खाली बघत होते. मी म्हटलं, "तुमच्याशी बोलायची पद्धत नाही."

"विमानाला पद्धत कळत न्हाई," तुम्ही म्हणालात. आवाजात राग नव्हता, तुम्ही थकला होता. मग खाली बसून एक तुकडा फिरवत म्हणालात, "हितं माळावर ज्याला दिसंल त्यानं बोलायचं. थेट. आन बोललं की विमान उडणार न्हाई, समोरच्याचं मन भरल्याबिगर. मग तो कोणी का असंना."

तो नियम आपण पाळला. कॅनॉलचा पूल ओलांडला की व्हॅनमध्ये तुम्ही मागं न बघता विचारायचात, "उषाबाई, बॅटरी घेतली का?" आणि मी सरळ म्हणायचे, "घेतली, पण तुम्ही स्क्रूड्रायव्हर विसरलात." परत येताना पूल आला की दोघंही मुके. विलासराव म्हणायचे, "तुमचं दोघांचं बॉर्डरपार बोलणं आहे." तुम्हाला त्याचं हसू यायचं, आरशात मला दिसायचं.

मोठ्या विमानाचं काम सुरू झालं ते घरात, म्हणजे पुलाच्या अलीकडं. त्यावर तुम्ही तोड काढलीत. माझ्या दुकानात शाळेचे गणवेश शिवून होतात, मापांच्या चिठ्ठ्यांची मागची बाजू कोरी असते. तुम्ही बाल्साच्या हलक्या लाकडाचा सांगाडा करायचात. त्यावर रंगीत फिल्म चढवून ती गरम इस्त्रीनं ताणून बसवायची असते. पहिल्यांदा तुम्ही स्वतः केलीत आणि पंखाला भोक पाडलंत. दुसऱ्या दिवशी बैठकीतल्या टेबलावर पंख, फिल्मचं पिवळं भेंडोळं आणि चिठ्ठी. "डाव्या पंखाची खालची बाजू. इस्त्री नायलॉनवर. घाई नाही."

मी केली. तुम्ही लिहिलंत, "टोकाला सुरकुती आहे."

मी खाली लिहिलं, "सुरकुती लाकडाची आहे. पॉलिश पेपर नीट मारा."

तुम्ही लिहिलंत, "बराबर."

तुमच्याकडून मिळालेल्या शाबासक्यांमध्ये ती सगळ्यात मोठी. चार वर्षांत अशा बऱ्याच चिठ्ठ्या झाल्या. फक्त विमानाच्या. भाजीत मीठ कमी पडलं तर ते अजूनही विलासरावांमार्फतच यायचं.

आणि माळावर तुम्ही मला उडवायला शिकवलंत, दुरुस्त केलेल्या त्या फोमच्या विमानावर. विमान आपल्याकडं तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, तिथं माझा गोंधळ व्हायचा. तुम्ही मागं उभं राहून सांगायचात, "जो पंख खाली चाललाय त्याच्याखाली दांडीचा टेकू द्या. इचार करू नका." शिकले. तुम्ही म्हणालात, "बाई मशीन मारतात तसं उडवतात. सरळ शिवण. गिरकी म्हणून घ्यायची न्हाई." मी म्हटलं, "गिरकी घेऊन मिळतं काय?" तुम्ही म्हणालात, "काय मिळायचंय? आपण रिकामटेकडे म्हणून तर हितं आलो."

बकऱ्या हाकत गयाबाई यायची. तिची मेंढरं आणि बकऱ्या त्याच माळावर चरतात, विमान उडवायचं तर आधी तिला सांगून गाडीवाट मोकळी करून घ्यावी लागते. ती तुम्हाला तोंडावर विचारायची, "बाबा, एवढा जलम इमानं नीट केली, एकात बी बसला न्हाई व्हय?" तुम्ही म्हणायचात, "बसलो ना. मागच्या सीटवर. पेट्रोलचा वास बघायला." ती म्हणायची, "मंग लगीन काहून न्हाई केलं?" तुम्ही म्हणायचात, "तुझ्या बकऱ्या हाक आधी."

आता पायांचं.

दिवाळीनंतर तुमचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी चप्पल काढलीत की पट्ट्याची खूण खोल दिसायची आणि बराच वेळ तशीच राहायची. जिना चढून आलात की दारात कठडा धरून उभे राहायचात, कोणी बघितलं तर चावी शोधत असल्यासारखं करायचात. पुढं पुढं आडवं होऊन झोपायचं सोडलंत, खुर्चीतच टेकून झोपायला लागलात. हे मला दिसत होतं. एका घरात राहून, झाडू मारताना, कपडे वाळत घालताना सगळं दिसतं. मी विलासरावांना म्हटलं, "दादांना म्हणावं, दवाखान्यात दाखवून या." ते म्हणाले तुम्हाला. तुम्ही म्हणालात, "बघू." मी परत म्हटलं. परत "बघू." तिसऱ्यांदा विलासराव वैतागले, "मी सांगितलंय, लहान लेकरू आहे का ते?" मी सोडून दिलं. टेबलावर विमानाच्या शेपटीची चिठ्ठी पडलेली होती. त्याच चिठ्ठीवर खाली लिहायला मला कोणी अडवलं नव्हतं.

मग तो रविवार. रस्त्यानं शेतात हळद शिजवायचे कुकर चालू होते, त्यांचा धूर सरळ वर जात होता. वारा नाही. तुम्ही काचेतून ते बघून विलासरावांच्या मांडीवर थाप मारलीत. पिवळं विमान, त्यावर लाल नंबर, आत दोन सीटा, तुम्ही तारेची वाकवून बसवलेली दांडी. पंख माझ्या उंचीएवढे. गयाबाईनं बकऱ्या आपणहून हाकल्या आणि पदरानं तोंड पुसत बसून राहिली.

शेवटची तपासणी तोलाची. दोन्ही पंखांखाली पेन्सिलची खूण. एका खुणेवर तुमचं बोट, दुसरीवर माझं, आणि विमान उचलायचं. नाक किंचित खाली राहिलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर विमान हवेत नाक वर काढतं आणि दगडासारखं पडतं.

उचललं. शेपूट जरा खाली गेली.

"शेपूट जड आहे," मी म्हटलं.

"दोन सूत," तुम्ही म्हणालात. "पाव इंच. चालतंय."

"नाही चालत. घरी जाऊन नाकात शिसं घालू."

"आवो, दोन सुतानं काय होतंय? जलमभर हेच करून राहिलो मी."

"नियम तुमचाच आहे. माझं मन भरलेलं नाही."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग विलासरावांकडं. विलासराव म्हणाले, "उडवू दे ना ग एकदा. एवढं आलोय." मी म्हटलं, "मग तुम्ही उडवा. मी व्हॅनमध्ये बसते." आवाज चढला होता माझा. भासऱ्यासमोर. गयाबाईसुद्धा उठून उभी राहिली.

तुम्ही विमान खाली ठेवलंत आणि बांधावर बसलात. मी पंखांचे स्क्रू काढायला लागले. तुम्ही मदतीला आला नाहीत. शेवटी म्हणालात, "ठीक आहे. पुढच्या आईतवारी." येताना पुलाच्या आधीच गप्प झालात.

पुढच्या आईतवारी तुमचा तिसरा दिवस होता. राख सावडायला पुरुष गेले आणि मी दारात तांब्या घेऊन उभी.

तेराव्यानंतर हाराचं निघालं तेव्हा मी विलासरावांना म्हटलं, "उद्या सकाळी माळावर जाऊ." ते म्हणाले, "शिसं आणू का?" मी म्हटलं, "नाही. जसं होतं तसंच." बॅटरी त्या रविवारी जिथं होती तिथंच, तिची चिकटपट्टीसुद्धा तीच. ते म्हणाले, "पडलं तर?" मी म्हटलं, "पडू दे." ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मला काही झालंय. मला काही झालं नव्हतं. मला फक्त कळून घ्यायचं होतं. शिसं घालून उडवलं असतं तर कधीच कळलं नसतं.

माळावर गयाबाई होती. तिला बातमी लागलेली होती. जवळ आली, विमानाच्या पंखावर हात ठेवला, आणि मला म्हणाली, "त्या रोजी लई हिरमुसला होता म्हातारा. तुमी व्हॅनीत सामान भरून राहिले होते ना, तवा मला म्हनला, गया, बाई ऐकत न्हाई. मी म्हनलं, काहून भेता बाईला? तर म्हनला, भेत न्हाई, तिला दिसतं."

मी तिला बकऱ्या बाजूला घ्यायला सांगितलं.

तोल बघायला दुसऱ्या पंखाखाली विलासरावांनी बोट लावलं. शेपूट तेवढीच खाली गेली. पट्ट्या बघितल्या, उजवी वर, डावी खाली. रिमोटचा पट्टा गळ्यात घातला. खरं सांगते दादा, अर्धं मन म्हणत होतं की पडावं. चार वर्षांचं काम, माझ्या हातची सगळी इस्त्री, तुमच्या दोन सीटा, सगळं गाडीवाटेत घुसावं आणि पिशवीत भरून घरी न्यावं. मग मी तुम्हाला अडवलं ते बरोबर ठरलं असतं.

ते उडालं.

मोटर पूर्ण दिली, तीस-चाळीस पावलं धावलं आणि स्वतःहून उचललं. नाक जरा जास्त वर जात होतं. दांडी सतत थोडी पुढं दाबून धरावी लागत होती, जुन्या मशीनचा पट्टा एका बाजूला ओढतो तेव्हा कापड धरून ठेवावं लागतं तेवढीच. दोन सूत जाणवत होते. पण तेवढेच. मी चार चकरा मारल्या, सरळ शिवण. उन्हात फिल्म चमकत होती आणि मला माझी इस्त्री दिसत होती, टोकाची ती सुरकुतीही. आवाज छान होता, संथ. विलासराव मान वर करून गोल गोल फिरत होते. गयाबाई ओरडली, "उडालं बया!" उतरताना जोरात आपटलं, उजवं चाक वाकलं. बाकी काही नाही.

जे मला जमलं ते तुम्हाला जमलंच असतं. डोळे झाकून.

विलासराव वाकलेलं चाक हातात धरून बसले आणि रडले. अंत्यविधीला रडले नव्हते. "दादाचं बराबर होतं," म्हणाले. मी म्हटलं, "हो. बरोबर होतं." पंख काढले, व्हॅनमध्ये ठेवले. चाक मी सरळ करून घेतलंय. विमान टांगणार नाही, ते दुकानाच्या मागच्या खोलीत स्टँडवर आहे. विलासराव शिकतो म्हणालेत. बघू.

एवढं झाल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट झोप गेलीय. कारण विमानाचा प्रश्न मिटला तसा त्याच्यामागचा दिसायला लागला, आणि तो घरात दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही.

त्या रविवारी विमान उचललं तेव्हा माझं लक्ष शेपटीकडं नव्हतं. तुमच्या बोटाकडं होतं. ते थरथरत होतं. व्हॅनपासून गाडीवाटेपर्यंत चालत येताना तुम्ही दोनदा थांबला होता, ओठ काळपट दिसत होते, बोलताना वाक्य मध्येच तुटत होतं. शेपूट दोन सूत खाली गेली हे खरं, पण एरवी मी ते चालवून घेतलं असतं. त्याआधी फोमच्या विमानाला आपण चार-चार सूत चालवून घेतलेत. मला तुम्हाला थांबवायचं होतं. उभं राहून, मान वर करून, दहा मिनिटं तो रिमोट धरू नका असं म्हणायचं होतं. माळावर मला थेट बोलायची मुभा होती. तुम्हीच दिली होती. ज्याला दिसेल त्यानं बोलायचं. पण मी त्यात माझी एक पुस्ती जोडून ठेवली होती, की फक्त विमानाबद्दल. म्हणून मी विमानाचं नाव पुढं केलं, आवाज चढवला, नियम दाखवला, आणि तुम्हाला बांधावर बसवलं. तुम्ही बसलात. मला वाटलं काम झालं.

तिला दिसतं, असं तुम्ही गयाबाईला म्हणालात. काय दिसतं म्हणालात, ते मी तिला विचारलं नाही. तुम्हाला कळलं होतं का, की मी काय बघून राहिले होते? कळलं असेल तर तुम्हीही बोलला नाहीत. पण तुमच्यावर ढकलून मला सुटायचं नाही.

"दादा, तुमचे पाय सुजलेत. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला." एवढंच वाक्य होतं. व्हॅन समोर उभी होती, किल्ली विलासरावांच्या खिशात होती, तुम्ही माझ्यापासून एका पंखाच्या अंतरावर होता आणि माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हटलं, शेपूट जड आहे.